परतीचा शनिवार

आमच्याकडे नवं वर्ष सोयाबीनच्या धुळीत येतं. भादवा सरत आला की नांदुऱ्याच्या शिवारात सोंगणी सुरू होते, मळणीयंत्रं दिवसभर घरघरत राहतात आणि वाऱ्याबरोबर एक पिवळसर, खाजरी धूळ गावात शिरते. दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी ती येतेच. पलंगाच्या चादरीवर बसते, पाण्याच्या माठाच्या झाकणावर बसते, बाबांच्या चष्म्यावर बसते. आई खिडकीच्या गजावरून बोट फिरवते, ते बोट डोळ्यांपुढे धरते आणि म्हणते, "आला हं नवा सण."

मी बुलढाण्याला कॉलेजात मराठी शिकवते. बुलढाणा घाटावर, नांदुरा घाटाखाली. यंदाही सुट्टी जोडून बसनं घाट उतरले, तर खाली येईपर्यंत हवा बदलली. वरची गार झुळूक गेली आणि खिडकीतून तोच वास आत आला: मळणीनंतर उरलेलं ओलसर कुटार, डिझेल आणि ऊन. कुणाला त्या वासानं शिंका येतात. मला आईचा आवाज ऐकू येतो.

आम्ही बेने इस्राएल. मराठी बोलणारे, मराठीत भांडणारे, मराठीत स्वप्नं बघणारे यहुदी. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून तिकडे त्यांना शनवार तेली म्हणत. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीत वऱ्हाडात आले आणि इथलेच झाले. बाबा याच गावात वाढले, रेल्वेतच लागले आणि शेवटची बरीच वर्षं स्टेशनमास्तर होते. आसपास आमच्या समाजाचं दुसरं घर नाही. आमचं प्रार्थनामंदिर, ज्याला आम्ही घरात मशीदच म्हणतो, ते एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर. त्यामुळे इथं आमचा धर्म म्हणजे आमचं घर. शुक्रवारी संध्याकाळी लागणारा तेलाचा दिवा आणि शनिवारी सकाळचं वाचन.

आमचा महिनाही चंद्राचाच. म्हणून बहुतेक वर्षी असं होतं की गल्लीतल्या घराघरांत घट बसतात तेव्हा आमचा नवा सण असतो, आणि गल्ली सोनं लुटायला निघते तेव्हा आमचा दारफळणीचा सण, म्हणजे दार लावून, उपास धरून, वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा दिवस. या दोन सणांच्या मधले दिवस सगळ्या वर्षात मोठे मानलेले. आणि त्यांच्यामध्ये जो शनिवार येतो त्याला परतीचा शनिवार म्हणतात. माणसानं परत फिरायचा, देवाकडे वळायचा शनिवार. लहानपणी मला वाटायचं, हे नाव परतीच्या पावसावरूनच पडलं असणार. कारण दोघंही एकाच सुमाराला यायचे.

शनिवारच्या वाचनाबद्दल सांगायला हवं. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांचे वर्षभरासाठी भाग पाडलेले आहेत, दर शनिवारी एक. त्या भागाला पाराशा म्हणतात. जगात जिथं जिथं आमची माणसं आहेत तिथं त्या शनिवारी तोच भाग वाचला जातो. मशिदीत तो चामड्याच्या गुंडाळीवरून वाचतात, त्याला दहा पुरुष जमावे लागतात. नांदुऱ्यात ना गुंडाळी, ना दहाजण. म्हणून आजोबा छापील मराठी पुस्तकातून वाचत, त्यांच्यानंतर बाबा. ओसरीवर पश्चिमेकडे तोंड करून बाबा उभे राहत आणि वाचायला लागत. काय आवाज होता! फलाटावरचा माईक बंद पडला तर बाबा ऑफिसच्या दारात येऊन नुसते ओरडत आणि शेवटच्या डब्यापाशी उभी असलेली माणसं पिशव्या उचलत. त्या आवाजात अब्राहामाचे उंट चालले, समुद्र दुभंगला, रानात चाळीस वर्षं माणसं कुरकुरली. दळण घेऊन जाणाऱ्या बायका आमच्या फाटकाशी क्षणभर रेंगाळत. "शनवारवाले मास्तर वाचून राह्यले," असं म्हणून पुढे जात.

आणि आई समोरच्या खुर्चीत बसून ऐकायची.

माझी आई रिबेका बोलताना अडखळते. लहानपणापासून. प आणि क ही तिची दोन मोठी वैरी अक्षरं, पण थकलेली असली तर कुठलंही अक्षर दगा देतं. तिनं यावर आयुष्यभर एक युक्ती वापरली. शब्द बदलायचा. पाणी म्हणायचं नाही, जल म्हणायचं. कोथिंबीर म्हणायची नाही, हिरवं म्हणायचं. भाजीवाल्याकडे नुसतं बोट दाखवायचं. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना "जल घेणार का?" असं ती विचारायची, तेव्हा त्यांना वाटायचं, बाई फार शुद्ध बोलतात. दुकानात, बँकेत, शाळेच्या पालकसभेत बाबा बोलत आणि ती शेजारी उभी राही. मशिदीत सगळ्यांबरोबर गाताना मात्र तिचा आवाज सरळ वाहायचा, स्वच्छ, उंच. गाणं संपलं की पुन्हा मुकी.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचंय, त्या वर्षी आषाढात बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज जाईल. स्वरयंत्रच काढावं लागलं. बाबा घरी आले ते गळ्याशी एक छिद्र आणि त्यावर मलमलीचा रुमाल बांधून. श्वास तिथून. बोलायला तोंड उघडत, ओठ हलत आणि काहीच बाहेर येत नसे. पहिले काही दिवस ते विसरून हाक मारायला जात. मग आपणच थांबत. त्या थांबण्याकडे मला बघवत नसे.

त्यांचे ओठ वाचता यायचे ते फक्त आईला. इतकी वर्षं समोर बसून ऐकलेलं, त्यामुळे असेल. भेटायला आलेली माणसं बाबांकडे बघत, बाबा ओठ हलवत, आणि आई सांगे, "ते म्हणतात, ग-गाडीला आता उशीर होत नाही ना?" माणसं तिच्याकडे चमकून बघत. तिचा आवाज कित्येकांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

शनिवारी बाबा नेहमीसारखे ओसरीवर उभे राहत. पुस्तक हातात. ओठ हलत. आई समोर. मी त्या दिवसांत बऱ्याच शनिवारी घरी असे आणि आतून हे बघे. श्रावणभर असं मुकं वाचन. पानं उलटल्याचा तेवढा आवाज. फाटकाशी आता कोणी रेंगाळत नव्हतं.

नवा सण जवळ आला तसा माझ्या भावाचा, एलिजाचा, फोन आला. तो इस्राएलला असतो. पडद्यावर त्याचा चेहरा, मागे त्याच्या स्वयंपाकघरातली भांडी. म्हणाला, "बाबा, परतीच्या शनिवारी घरात शांतता नको. मी वाचून रेकॉर्ड करून पाठवतो. तुम्ही नुसतं लावा."

"हे ब-बरं होईल," आई लगेच म्हणाली.

बाबांनी मान हलवली. नाही.

"मग मी वाचते ना," मी म्हणाले. "माझा तर धंदाच वाचायचा."

बाबा माझ्याकडे बघून हसले. मग उठले, फळीवरचं पुस्तक काढलं, आई सुपात तांदूळ निवडत बसली होती तिच्यापाशी गेले आणि सूप बाजूला सारून पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

आई अशी दचकली की जणू मांडीवर निखारा पडला. "न-नाही. हे नाही. अहो, इतकी वर्षं मी ऐकलं. घरात ऐकणारं माणूस नको?"

बाबांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं. मग तिची नेहमीची खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले.

खरं सांगायचं तर मला थोडं लागलं. कॉलेजात मी रोज शंभर पोरांपुढे वाचते, आणि बाबांनी निवडलं ते तिला, जी वाण्याकडे साखर मागताना घामाघूम होते. मशिदीत बाईनं वाचायचं नाही ही आमची जुनी रीत. घरच्या वाचनाला ती लागू नव्हती, पण बाबा रीतीचे पक्के. त्यांनी आपणहून हे करावं याचंही नवल वाटलं.

त्या शनिवारचा भाग होता हाअजिनू. मोशेचं शेवटचं गीत. तो म्हातारा झालाय, पलीकडचा देश त्याला दिसणार आहे पण पाय ठेवता येणार नाही, आणि त्याआधी तो सगळ्या लोकांना गोळा करून हे गीत ऐकवतो. आकाशाला आणि पृथ्वीला साक्षीला बोलावतो. मराठीत हा भाग वाचून बघा. आकाशाला कान द्यायला सांगायचं, म्हणजे सुरुवातीलाच क. मग पृथ्वी. मग पाऊस. मग पुढे पाषाण, पिता, पिढ्या, पंख, पर्वत. आईच्या वैऱ्यांची पलटणच्या पलटण.

सणाच्या आदल्या दिवशी ती गव्हाच्या चिकाचा हलवा घोटत होती. नारळाचं दूध आटत होतं, सगळ्या घराला तो गोड, जड वास. ओट्यावर डब्याला टेकवून पुस्तक उभं केलेलं. एका हातात उलथनं, डोळे पुस्तकात. मी दाराआडून ऐकलं. "क-क-क..." आणि थांबणं. पुन्हा. पुन्हा. चिक तळाशी लागायला आला तेव्हा मी आत गेले आणि उलथनं हातात घेतलं.

"आई, अगं, कान शब्द सोड ना. लक्ष असं म्हण. नुसतं ऐका म्हण. तू रोज करतेसच की."

तिनं पदरानं कपाळ पुसलं. "दीना, तेच तर. इथं शब्द ब-बदलता येत नाही." मग जरा वेळानं, चिकाकडे बघत, "आजवर मी जे बोलले ते सगळं दुसऱ्याच शब्दांत बोलले गं. मनात एक असायचं, तोंडातून भलतंच. हे एकच असं आहे की जे लिहिलंय तेच म्हणावं ल-लागेल."

त्या दिवशी तिनं मला शाळेतली गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. कोकणातल्या तिच्या गावी मास्तरांनी तिला धडा वाचायला उभं केलं. पहिल्याच शब्दाला ती अडकली. वर्ग हसला. मास्तर म्हणाले, ओळ पूर्ण होईपर्यंत बसायचं नाही. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, ती उभीच. "त्यानंतर मोठ्यानं वाचलं नाही कधी," ती म्हणाली. हे सांगताना ती एकदाही अडखळली नाही.

गुरुवारी गल्लीत घट बसले आणि आमचा नवा सण लागला. शनिवारी सकाळी आभाळ भरून आलेलं. वारा पडलेला. अशा वेळी घाटाखालची हवा अंगाला चिकटते. आईनं पांढरं पातळ नेसलं होतं. बाबांनी मला खूण करून सतरंजी घालायला सांगितली.

आम्ही कोणाला बोलावलं नव्हतं. पण शांतामावशी आल्या. त्या आमच्या मागच्या मळ्यातल्या, भाजीपाला पिकवणाऱ्या. नवरात्रात दर सकाळी घटासाठी फुलं तोडत आणि उरलेला झेंडू आमच्या ओसरीवर ठेवून जात. नऊ दिवस अनवाणी. त्यांच्या मागोमाग तायडेकाका आले. ते बाबांच्या हाताखाली पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलणारे; आता दोघंही निवृत्त, आणि अजूनही बाबांना साहेबच म्हणतात. दसऱ्याला त्यांचाही मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तनाचा. दरवर्षी ते नागपूरला जातात. जायच्या आधी बाबांना भेटून जावं म्हणून आलेले.

बाबांना खुर्चीत आणि आईला उभी बघून दोघंही फाटकातच थबकले.

"काय चालू हाय, साहेब?" तायडेकाकांनी विचारलं.

बाबांनी बाजूच्या सतरंजीकडे हात केला. बसा.

"आज वैनी वाचून राह्यल्या काय?" काका म्हणाले आणि चपला काढून बसले. शांतामावशी खांबाला टेकून बसल्या. आईचा चेहरा पांढरा पडला. घरातल्या घरात अडखळणं वेगळं. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा नुसते बसून होते, तळवे गुडघ्यांवर, मान किंचित पुढे. ऐकणारा माणूस बसतो तसे.

आईनं तोंड उघडलं.

त्या दिवशी आई एकदाही अडखळली नाही, असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण ते खरं नाही. ती पहिल्याच शब्दाला अडकली. क वर. ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले गेले. काही क्षण नुसती हवा. शांतामावशींनी खाली बघितलं. माझ्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता, आता टाकते पुढे, असं वाटलं, आणि माझं तोंड उघडलंही. बाबांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला. रेल्वेचं फाटक पडावं तसा.

आणि मग शब्द आला. "कान." पूर्ण. लिहिलेला, तोच. त्याच्यामागून आकाश आलं, मग पुढचा अडथळा आणि त्यापलीकडे पृथ्वी.

मोशे म्हणतो, आपलं सांगणं पावसासारखं उतरावं, कोवळ्या गवतावर सर येते तसं. आई त्या पावसाशी झगडत होती. "प-प-पा..." आभाळ अगदी खाली आलेलं. तेवढ्यात शांतामावशी, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटल्या, "माय, आता पावसाचं नाव नको घेऊ वं. सोयाबीन कापून पडेल हाय वावरात."

तायडेकाका हसले. मी हसले. बाबांचे खांदे हलले, आवाजाविना. आणि आईसुद्धा हसली. पुस्तक छातीशी धरून, भर वाचनात, मनमोकळी हसली. मग म्हणाली, "लिहिलंय, शांताबाई. घ्यावंच ल-लागेल." आणि पाऊस पुरा केला.

त्यानंतर काहीतरी सुटलं. अडखळणं नव्हे, ते तसंच होतं. भीती सुटली. ती अडकायची, थांबायची, आणि त्या थांबण्यात आता धावपळ नव्हती. आम्हीही तिच्याबरोबर थांबायला शिकलो. शब्द कोणता येणार हे कळायचं, तरी तो आला की नवा वाटायचा. गरुड आपलं घरटं हलवून पिलांना उडायला लावतो आणि वर पंख पसरतो, हे मी बाबांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. ते भरधाव निघून जायचं. त्या दिवशी गरुडानं पंख पसरायला वेळ घेतला. खडकातून मध येतो, असं आहे पुढे. तायडेकाकांनी मान डोलावली. "सोनाळ्याकडं सातपुड्यात असतेत तसे पोळे," ते म्हणाले. वाचताना मध्ये कोणी असं बोललेलं बाबांच्या काळात चाललं नसतं. आता बाबा मान डोलावत होते.

त्या गीतात एक जागा आहे. मोशे लोकांना म्हणतो, जुने दिवस आठवा, आपल्या बापाला विचारा, तो तुम्हाला सांगेल. आई तिथवर आली आणि थांबली. हे थांबणं वेगळं होतं, हे मला तिच्या हातांवरून कळलं. ते पुस्तकावर घट्ट आवळले गेले होते. तिची नजर बाबांच्या गळ्यावरच्या रुमालाकडे गेली. बापाला विचारा. तो सांगेल. ओसरीवर कोणी हललं नाही. शांतामावशींना पुढचा शब्द कोणता हे माहीत नव्हतं, पण काहीतरी आहे हे त्यांनाही समजलं.

बाबांनी ओठ हलवले. मला ते वाचता आले नाहीत. आईला आले. तिनं मान हलवली, श्वास घेतला आणि ती ओळ वाचली. आवाज ओला होता. पण तिनं ती पूर्ण वाचली आणि पुढे गेली. पुढचा भाग कडक आहे, देवाच्या रागाचा, विसरलेल्या उपकारांचा. तोही तिनं मऊ केला नाही. शेवटी मोशेला डोंगरावर चढायला सांगितलं जातं, तिथपर्यंत पोचली आणि पुस्तक मिटलं.

बाबांचं नेहमीचं वाचन चहा निवायच्या आत होई. त्या दिवशी आभाळ उघडून ऊन ओसरीच्या कडेवरून सतरंजीवर आलं होतं. कोणी उठलं नव्हतं.

बाबा उठले. त्यांनी आईचा हात आपल्या दोन्ही हातांच्या मध्ये घेतला आणि मग आपली बोटं ओठांना लावली. मशिदीत प्रार्थना संपल्यावर आमच्याकडे माणसं एकमेकांना असंच भेटतात. नवरा-बायकोनं असं भेटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शांतामावशींनी झेंडूचं एक फूल पुस्तकावर ठेवलं. म्हणाल्या, "रिबकाबाई, मास्तर वाचत तवा आमी फाटकातून आयकून निघून जाऊ. तुमी तर बसवूनच ठेवलं."

"हाव," तायडेकाका म्हणाले. "उगाच नाई. एकेक शब्द हातात देऊन राह्यल्या होत्या वैनी."

आई आत जाऊन हलव्याच्या वड्या घेऊन आली. शांतामावशींचा उपास, म्हणून त्यांची वडी कागदात बांधून दिली, दसऱ्याला खा म्हणाली. मी नंतर तिला विचारलं, त्या ओळीपाशी बाबा काय म्हणाले. ती म्हणाली, "ते म्हणाले, विचारू दे त्यांना. तू सांगशील."

त्या शनिवारनंतर मी एका गोष्टीचा विचार करत राहिले. तोराच्या दुसऱ्या ग्रंथात, जळत्या झुडपापाशी, देव मोशेला कामगिरी सांगतो, तेव्हा मोशे म्हणतो, मी बोलणारा माणूस नाही, माझं तोंड जड, जीभ जड, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. मग त्याचा भाऊ अहरोन त्याच्या वतीनं बोलतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण शेवटच्या ग्रंथात अहरोन मेलेला आहे आणि मोशे एकटा उभा राहून बोलतो आहे, पानंच्या पानं. मधल्या वर्षांत त्याची जीभ बरी झाली, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधलं. नाहीच. म्हणजे हे गीतसुद्धा त्यानं त्याच जड जिभेनं म्हटलं असेल. आणि रानातले ते लाखो लोक, नेहमी कुरकुरणारे, त्या दिवशी उभे राहून एकेका शब्दाची वाट बघत असतील. आमच्या ओसरीवर बाबांच्या मोठ्या, देखण्या आवाजात आम्ही वर्षानुवर्षं मोशे ऐकला. मला आता वाटतं, त्याचा आवाज कसा असेल हे मी त्या सकाळीच ऐकलं.

पुढच्या शनिवारी दारफळणीचा सण आणि दसरा एकत्र आले. आम्ही दार लावून उपास धरून बसलो. बाहेर गल्लीत सोन्याची पानं वाटली जात होती, मुलं दारावरून ओरडत धावत होती. संध्याकाळी तारे दिसल्यावर दार उघडलं तर उंबऱ्यावर आपट्याच्या पानांचा छोटा ढीग. दार वाजवायचं नाही हे गल्लीला ठाऊक आहे. तायडेकाका दुसऱ्या दिवशी नागपूरहून आले, पांढऱ्या कपड्यांत, प्रवासानं चुरगळलेले, आणि आल्या आल्या विचारलं, "वैनी, आता पुढचा शनवार कोणता?"

पुढचा शनिवार आला, त्याच्या पुढचाही. आई वाचत राहिली. वर्षाचं शेवटचं वाचन संपलं की त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, अशी आमची रीत आहे. तिनं सुरू केलं. जगाच्या आरंभापासून. बाबा आता बरे आहेत, वजन वाढलंय, रुमाल रोज बदलतात, आणि शनिवारी सकाळी आईच्या आधी येऊन तिच्या खुर्चीत बसतात. आयुष्यभर सांगत आलेला माणूस इतका चांगला ऐकणारा होईल, असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं. एलिजा कधीकधी म्हणतो, रेकॉर्ड करून मला पाठवा. आई म्हणते, ऐकायचं तर इथं ये.

आणखी एक झालं, ते मला बरंच उशिरा लक्षात आलं. तिनं शब्द बदलणं सोडलं. माझ्याकडे बुलढाण्याला आली तेव्हा माझ्या शेजारणीला तिनं विचारलं, "प-पाणी घेणार?" मी भांडं हातात धरून उभीच राहिले.

यंदा आई-बाबांना मशिदीत जायचं होतं. किती वर्षांनी. आई म्हणाली, बाबांना गुंडाळी पुन्हा एकदा बघायचीय. मी म्हटलं, मी मोबाइलवर तिकिटं काढते. "क-कशाला?" आई म्हणाली. "स्टेशन काय ल-लांब आहे?"

बाबा फलाटावरच्या बाकावर बसले. एकेकाळी ज्याच्या आवाजावर हा फलाट हलायचा तो माणूस, गळ्याला रुमाल, मांडीवर काठी. आई खिडकीशी गेली. मी जरा मागे. आत एक तरुण कारकून, त्यानं वर न बघता विचारलं, "कुठलं?"

आई अडकली. क वर. उतरायच्या स्टेशनाचं नावच त्या अक्षरानं सुरू होणारं. मी जागची हलले नाही. मागे रांग होती. एका माणसानं घड्याळ बघितलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "ओ आजी, काऊन टाइम लावून राह्यल्या? सांगा ना लवकर, गाडी येऊन राह्यली."

आई वळली. ताठ. माझ्याएवढीही उंची नाही तिची. तिनं त्या माणसाकडे नीट बघितलं, रागानं नाही, ओसरीवर पावसासाठी थांबली होती तशी निवांत, आणि म्हणाली,

"थ-थांब ना, भाऊ. मी बोलून राह्यली."